न दिसणारी अक्षरं

प्रश्न : पहिल्या टाइपरायटरवर टाइप केलेलं लगेच दिसत नसे, हे खरं का? असं यंत्र का बनवलं?

उत्तर : अगदी खरं. शोल्स आणि ग्लिडन यांचं यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली अमेरिकेत बाजारात आणलं. त्यात अक्षरांचे दांडे कागद गुंडाळलेल्या रुळाखाली गोलाकार टांगलेले असत. कळ दाबली की दांडा खालून उसळून रुळाच्या पोटावर आपटे. छापलेलं पाहायचं तर कॅरेज, म्हणजे रूळ बसवलेला सरकता भाग, उचलावं लागे. मी आयुष्यभर टाइपरायटर दुरुस्त केले, त्यामुळे मला त्या रचनेतला विचार कळतो : खाली परतायला दांड्याला स्वतःचं वजनच पुरे. टाइप करणाऱ्याचे हाल मात्र व्हायचे. शिवाय अक्षरं फक्त कॅपिटल!

१८७८च्या रेमिंग्टन क्रमांक २मध्ये शिफ्टची कळ आली. एकाच दांड्यावर कॅपिटल आणि स्मॉल अशी दोन अक्षरं, आणि शिफ्ट दाबली की रूळच सरकतो. माझ्या मते संपूर्ण टाइपरायटरमधली ही सर्वांत सुंदर युक्ती. पुढे फ्रान्झ वॅग्नर या संशोधकाने दांडे समोरून आपटवले. १८९०च्या दशकात अंडरवुड यंत्र त्याच रचनेवर निघालं आणि ओळ टाइप होतानाच वाचता येऊ लागली.