वार मोडू नकोस

पोरी, अनेक आशीर्वाद.

थंडीत वाटलेली ब्लँकेटं पालावरच्या, म्हणजे तंबूत राहणाऱ्या मजुरांनी विकली, मंडळात भांडण झालं आणि आता जावंसंच वाटेना, असं लिहितेस. विकली तर विकली! भिजलेलं ब्लँकेट आपल्याकडच्या पावसाळ्यात वाळत नाही, बुरशी धरतं, आणि पालात कोरडा कोपरा नसतो. काय हवं ते आधी विचारायला हवं होतं. पण आज आला, परत कधी दिसेल कोण जाणे, अशा माणसाला कोण खरं सांगेल? म्हणून एक वार ठरव आणि तो मोडू नकोस.

एकादशी-संकष्टी धरू नका. तिथी सरकते, पालावर पंचांग नसतं. बाजाराच्या दिवशी मजुरांचा बटवडा होतो, मजुरी हातात पडते. त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत डबे रिकामे असतात. तुमचा वार तोच.

चूल पेटत असेल तिथं शिजवलेलं नेऊच नका. शिधा द्या: जोंधळ्याचं पीठ, तूरडाळ, तेल, मीठ, तिखट आणि थोडं सरपण. चूल नाही तिथंच खिचडी. चाळीस कष्टकऱ्यांना पाच किलो तांदूळ, दोन किलो मूगडाळ. झाकून, वाफ असतानाच न्या आणि शिजल्यापासून दोन तासांत वाटून संपवा. आरतीनंतर नेऊ म्हणून देवळात ठेवलेला भात कोमट होतो, त्यात जंतू वाढतात आणि पुन्हा गरम केला तरी त्यांचं विष जात नाही. रात्री उलट्या पालावर होतात, मंडळात नाही. जुलाब लागले तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच.

आता ताडपत्री. मृग जवळ आलाय, हे काम आधी. पातळ निळा कागद पहिल्या वाऱ्यात कडीपाशी फाटतो. जाड घ्या, कडेला दोरी शिवलेली, आणि सोबत नायलॉन दोरी द्या. नाहीतर ती विजेच्या तारेनं बांधतात. पालाचं तोंड पश्चिमेला नको, पाऊस तिकडूनच मारतो. भोवती वीतभर खोल चर उताराकडे काढा. एक ताडपत्री वर, एक खाली. खालची विसरलात की ओल अंथरुणात.

महाराष्ट्रातून आलेल्यांकडे अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड असेल तर धान्य इथल्या, कर्नाटकातल्या दुकानातही मिळतं. पण दगड फोडून अंगठा झिजलेला असतो, मशीन घेत नाही. आधार केंद्रात ठसे नव्यानं द्यावे लागतात. एका फेरीत हे होत नाही, म्हणून पुन्हा सांगते, वार मोडू नकोस. अर्जाला कन्नड लिहिणारं कुणीतरी बरोबर घे. सीमेचा वाद पालावर न्यायचा नाही. तिथं कन्नड, मराठी, वडारी सगळंच बोललं जातं. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, फुकट असते. क्षयाची गोळी किमान सहा महिने चालते. पाल हलणार असं कळलं की दवाखान्यातून नोंद पुढच्या गावी लावून घ्या.

आणि देव? आधी भजन, मग जेवण, असली अट मला मान्य नाही, मंडळाला सांग. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न आहे, बेघरांना आसरा आहे. त्याआधी हरिनाम घ्यायला लावा असं कुठंही नाही. जवळच्या लिंगायत मठात दासोह, म्हणजे अन्नदान चालतं, त्यांच्याशी बोला. एक वार तुमचा, एक त्यांचा.

मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. सणाला शंभर ताटं वाटून वर्षभर न फिरकणारी मंडळं पाहून हा हट्ट आलाय आणि तो मी सोडणार नाही. निधी कमी पडला तर पाचाऐवजी तीन घरांना शिधा न्या, आणि उरलेल्या दोघांना पुढच्या आठवड्याचा शब्द तोंडावर देऊन या. गावाला जायचं झालं तर तुझ्या जागी कोण जाणार ते आधी ठरव, त्या माणसाला एकदा पालावर नेऊन ओळख करून दे, आणि कुणाच्या पोराला ताप आहे, कुणाचे ठसे अडलेत, ही वही त्याच्या हातात दे.

तुझी,
मावशी