टिपणे वहीत काढावीत की लॅपटॉपवर?

पत्र : मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गात लॅपटॉपवर टिपणे घेते. टायपिंगचा वेग चांगला असल्यामुळे प्राध्यापकांचे जवळजवळ प्रत्येक वाक्य उतरवून घेता येते. तरीही परीक्षेआधी ती टिपणे उघडली की दुसऱ्याच कोणाची तरी वाटतात. माझी मैत्रीण वहीत माझ्या निम्मेही लिहीत नाही, पण तिला विषय समजावून सांगता येतो. आई म्हणते, वहीच घे. पुढे नोकरीत सगळे काम संगणकावरच असेल, तर आता हाताने लिहिण्याची सवय लावून घेण्यात काय अर्थ आहे?

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘प्रत्येक वाक्य उतरवून घेता येते’ हे वाक्य तुम्ही जमेची बाजू म्हणून लिहिले आहे, मला मात्र अडचणीचे मूळ तिथेच दिसते. हात बोलण्याच्या वेगाने चालू शकत नाही. त्यामुळे वहीत लिहिणाऱ्याला दर मिनिटाला काहीतरी सोडून द्यावे लागते, आणि काय सोडायचे हे ठरवण्यासाठी ऐकलेले आधी समजून घ्यावे लागते. तुमच्या मैत्रिणीने वर्गातच केलेले हे काम तुम्ही परीक्षेच्या आदल्या आठवड्यावर ढकलता आणि तोपर्यंत प्राध्यापकांचा आवाज, फळ्यावरची आकृती, मध्येच कोणी विचारलेली शंका, सगळे विस्मरणात गेलेले असते.

या विषयावरचे सर्वाधिक चर्चिले गेलेले संशोधन पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांचे, २०१४ सालचे. लॅपटॉपवर टिपणे घेणाऱ्यांनी शब्द अधिक लिहिले, पण ते बरेचसे वक्त्याचेच होते. माहितीच्या साध्या प्रश्नांत दोन्ही गट सारखे ठरले, तर संकल्पनांच्या प्रश्नांत लॅपटॉपवाले मागे पडले. ‘जसेच्या तसे उतरवू नका’ अशी स्पष्ट सूचना देऊनही टाइप करणाऱ्यांची ती सवय सुटली नाही, ही गोष्ट मला निकालापेक्षाही बोलकी वाटते. मात्र २०२१ मध्ये हाच प्रयोग दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा केला, तेव्हा शब्दशः उतरवण्याची प्रवृत्ती पुन्हा दिसली, परंतु परीक्षेतील फरक तसा सिद्ध झाला नाही. नॉर्वेमध्ये ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतील विद्युत्-लहरी मोजून केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाताने लिहिताना मेंदूच्या विविध भागांतील परस्परसंपर्क अधिक आढळला. ही बातमी सर्वत्र पसरली; पण त्यात टायपिंग एकाच बोटाने करून घेतले होते आणि विषय किती लक्षात राहिला हे तपासलेलेच नव्हते, हे फार थोड्यांनी सांगितले. त्यामुळे ‘विज्ञानाने वहीचा विजय सिद्ध केला’ असे कोणी सांगितले, अगदी आईने सांगितले तरी, ते पूर्ण खरे मानू नका. आईचा सल्ला योग्य आहे. फक्त त्यामागचे कारण वेगळे आहे.

वर्गासाठी माझी सूचना अशी. वहीच्या पानावर डावीकडे सुमारे एक तृतीयांश जागा सोडून उभी रेघ मारा आणि तळाशी पाच-सहा ओळी मोकळ्या ठेवा. उजवीकडच्या मोठ्या भागात तासाला टिपणे घ्या: पूर्ण वाक्ये नकोत, बाण, संक्षेप, आकृत्या चालतील. त्याच दिवशी घरी गेल्यावर डावीकडे, त्या मजकुरातून ज्याचे उत्तर मिळते असे प्रश्न लिहा आणि तळाशी संपूर्ण पानाचा आशय दोन-तीन वाक्यांत मांडा. कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली ही पद्धत जुनी असली तरी तिचा खरा उपयोग नंतर कळतो, कारण उजवा भाग हाताने झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरे देता येतात. उजळणीच्या नावाखाली टिपणे पुन्हा पुन्हा वाचत राहण्यापेक्षा आठवून पाहणे कितीतरी अधिक उपयोगी पडते. लॅपटॉप सोडवतच नसेल तर हीच चौकट पडद्यावर आखता येते. पण मग एका तासाला एकच पान, असे बंधन स्वतःवर घालावे लागेल आणि ते पाळणे सोपे नाही.

नव्या कल्पना सुचण्याच्या टप्प्याबद्दल मी अधिक ठाम आहे. टाइप केलेली ओळ पहिल्या क्षणापासूनच नीटनेटकी, जणू छापून आलेली दिसते, आणि तशा ओळीला हात लावायला मन धजत नाही. शिवाय खोडले की ते समूळ नाहीसे होते. कागदावर खोडलेले शब्द रेघेखाली वाचता येतात आणि त्यांतलाच एखादा नंतर कामी येतो. चार्ल्स डार्विन यांच्या १८३७ च्या वहीतील एका पानावर सुरुवातीला ‘मला वाटते’ हे शब्द आणि त्यांच्याखाली फांद्या फुटलेल्या झाडासारखी एक ओबडधोबड आकृती आहे. सजीवांच्या नात्यांचा तो कच्चा विचार सलग ओळींत बसणारा नव्हताच. प्रकल्पाचा आराखडा, निबंधाची मांडणी, गणिताची पहिली झटापट यांसाठी कोरा कागदच घ्या.

आता नोकरीचा मुद्दा. तिथे अहवाल, पत्रव्यवहार, बैठकीचे इतिवृत्त हे सारे टंकलिखितच लागेल, म्हणून टायपिंग सोडण्याचा प्रश्नच येत नाही. उलट कळफलकाकडे न पाहता दहा बोटांनी टाइप करता येत नसेल, तर एफ आणि जे या कळांवरचे बारीक उंचवटे बोटांनी चाचपून रोज वीस मिनिटे सराव सुरू करा. साठवणे, शोधणे, दुरुस्त करणे आणि इतरांना पाठवणे यांत संगणकाला तोड नाही. माझ्याच जुन्या वह्यांचा ढीग याला साक्षी आहे: हवे असलेले पान त्यात आहे हे मला पक्के ठाऊक असते, आणि ते सापडत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा वहीतील तळाचे सारांश तेवढे संगणकावर उतरवा, सगळी वही नव्हे. स्टायलसने टॅबलेटवर लिहिण्याचा मधला मार्गही आहे. तो परवडत असेल तर वाईट नाही, मात्र सूचनांचे आवाज बंद ठेवावेत.

दोन आठवडे एक विषय वहीत आणि दुसरा लॅपटॉपवर, असे करून पाहा. प्रत्येक तासानंतर सात दिवसांनी टिपणे न उघडता कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहा आणि त्या कागदावर तारीख घाला. दोन्ही विषयांचे कागद शेजारी ठेवल्यावर कोणत्या तासाला लॅपटॉप दप्तरातच राहू द्यायचा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा नेमके सांगता येईल.