वाचकांचे प्रश्न : कूलरचे पाणी की एसीची वीज?

प्रश्न : मनीषनगरमधील आमच्या २४ सदनिकांच्या सोसायटीत दर उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात आणि सामाईक वीजबिलही फुगते. कूलरांमुळे पाणी वाया जाते, म्हणून सर्वांनी ते बंद करून एसी लावावेत आणि गच्चीवर सौर पॅनेल बसवावेत, असा ठराव आमसभेपुढे येत आहे. आपले मत काय? – एक सभासद, नागपूर

उत्तर : ठरावाचा दुसरा भाग रास्त आहे, पहिला आम्हाला पटत नाही. मे महिन्याच्या कोरड्या हवेत मोठा कूलर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज उडवतो, हे खरे आहे. एसीही पाण्यावाचून चालत नाही, फक्त ते पाणी आपल्या नळाऐवजी वीजकेंद्रात खर्च होते. कोळशावरच्या जुन्या केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०१५ साली घातलेली मर्यादा दर युनिटमागे साडेतीन लिटर आहे. दीड टनाचा एसी तासाला सुमारे दीड युनिट घेतो असे धरले, तर हे पाणी फार तर सव्वापाच लिटर भरते. म्हणजे नुसत्या पाण्याच्या हिशेबात एसी सरस ठरतो. पण कूलरला त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकीच वीज पुरते, आणि सगळ्याच घरांतले एसी आपली गरम हवा बाहेर सोडू लागले की दोन इमारतींमधली जागा रात्रीसुद्धा निवत नाही.

मुख्य मुद्दा कोणत्या कामाला कोणते पाणी वापरायचे, हा आहे. कोराडीच्या वीजकेंद्राला भांडेवाडीत शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी पुरवले जाते, त्यामुळे तेवढे धरणाचे पाणी पिण्यासाठी राहते. त्याचे मोल नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. २०१९ च्या जुलैत तोतलाडोह धरण आटल्यावर शहराने दिवसाआड पाणी सोसले आहे. सोसायटीनेही हाच विवेक ठेवून कूलरसाठी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरावे. या पाण्याने वाळ्यावर क्षार धरतात, म्हणून टाकी आठवड्याला रिकामी करावी. डेंग्यूच्या डासांसाठी ते एरवीही करावेच लागते.

कूलरबंदीची चर्चा करण्याआधी सभासदांनी एकदा पहाटे गच्चीवर जाऊन पाहावे. टाकी भरल्यानंतरही पंप चालू राहतो आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी खाली कोसळत असते, तेव्हा पाणी आणि ते वर चढवायला लागलेली वीज दोन्ही एकदमच जातात. पातळी पाहून पंप आपोआप बंद करणारे यंत्र फार महाग नसते, आणि टँकरच्या खर्चापुढे तर ते काहीच नाही. हे काम आधी करावे.

त्यानंतर पावसाचे पाणी. नागपुरात सरासरी १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे ४,००० चौरस फुटांच्या गच्चीवरून, गळतीघट धरूनही, मोसमात सुमारे ३ लाख लिटर पाणी मिळू शकते. आवारात जुनी विहीर असेल तर ते गाळून तीत सोडावे. शोषखड्डा घ्यायचा असल्यास तो काळ्या मातीतच संपवू नये, खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा. ठेकेदार नेमकी येथेच काटकसर करतात.

सौर पॅनेलसाठी २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराकरिता दर किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचे मागील १२ महिन्यांचे युनिट मोजून मगच क्षमता ठरवावी. पॅनेलचा सांगाडा माणूस खालून वावरू शकेल इतका उंच घ्यावा, नाहीतर पावसाळ्यापूर्वी गच्ची झाडता येणार नाही आणि सगळी धूळ विहिरीत जाईल.

प्रश्न : आमच्या पॅनेलची वीज भर मे महिन्यात अपेक्षेपेक्षा कमी का मिळते? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. त्याची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने उत्पादन घटते. आपल्याकडे पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर सुमारे १६ टक्के घट होते. धुळीचा वाटा वेगळा. पॅनेल पहाटे थंड असताना पुसावे. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकल्यास तिला तडा जाऊ शकतो.