कथा वाचायला बसताना

कथेचा अर्थ कसा लावावा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे; मात्र प्रतीके आणि समीक्षेच्या संज्ञा यांची इतक्यात घाई करू नका.

सर्वांत आधी पात्राकडे पाहावे. लेखक एखाद्याला स्वाभिमानी म्हणतो, एवढ्यावर विसंबू नये. ते पात्र कोणाशी कसे बोलते, ते ऐकावे. समजा, अमळनेरच्या बाजारात सोबत्याला ‘काय करी ऱ्हायना?’ असे मोकळेपणाने विचारणारा कापूस पिकवणारा शेतकरी पुढच्याच परिच्छेदात बँकेच्या साहेबासमोर अडखळत प्रमाण मराठी बोलू लागला, तर खानदेशातली अहिराणी बोली सुटल्याच्या त्या क्षणीच त्याचे दडपण उघड होते आणि लेखकाला ते वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या खानदेशी कानांना हा बदल चटकन जाणवतो. तो लाभ सोडू नये.

शीर्षक कथा संपल्यावर पुन्हा वाचावे. याच कथेचे नाव ‘सही’ असेल, तर सही कोणी केली, याइतकेच ती कोणी टाळली, हेही पाहावे लागेल.

वातावरण आणि सूर यांत नवे वाचक हमखास गल्लत करतात. वैशाखातले ओसाड शिवार मनात उदासी आणते, ते वातावरण. निवेदक, म्हणजे कथा सांगणारा, त्याच शिवाराकडे करुणेने पाहतो की उपहासाने, तो सूर.

टाळण्याजोग्या चुका:
- निवेदकालाच लेखक समजणे.
- पहिल्याच वाचनात तात्पर्य शोधणे.
- पात्र आवडले नाही म्हणून कथा वाईट ठरवणे. (ही तर मुरलेले वाचकही करतात.)

चार-पाच पानांची कथा निवडा, आणि प्रत्येक अनुमानाला आधार देणारे वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करा. आधार सापडला नाही, तर ते अनुमान तूर्त बाजूला ठेवा.