तेल पचवणाऱ्या जिवाणूंवर काम करायचंय, तर एम.एस्सी. कशात करावी?

प्रश्न: मी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तेलगळती साफ करणारे नवे जिवाणू तयार करायची इच्छा आहे. त्यासाठी जेनेटिक इंजिनीअरिंगच घ्यावं का? आणि तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला हा विषय झेपेल का?

उत्तर: विषय उत्तम आहे, पण नवा जिवाणू घडवणं हा या क्षेत्रातला फार लहान भाग आहे. शास्त्रज्ञ आनंदमोहन चक्रवर्ती यांनी प्रयोगशाळेत घडवलेल्या तेल पचवणाऱ्या जिवाणूच्या पेटंटला 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, तरी तो प्रत्यक्ष तेलगळतीवर कधी वापरला गेला नाही. 1989 मध्ये ‘एक्सॉन वाल्डीझ’ जहाजातलं तेल अलास्काच्या किनाऱ्यावर पसरलं, तेव्हा जैविक उपाय म्हणून खत टाकलं गेलं. तेल पचवलं ते तिथल्याच जिवाणूंनी.

असे जिवाणू बहुतेक ठिकाणी असतातच. त्यांचं अडतं ते ऑक्सिजन, नायट्रोजन आणि फॉस्फरसपाशी. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस यांचं ढोबळ प्रमाण 100:10:1 धरतात. एक किलो मातीत 10 ग्रॅम डिझेल असेल, तर कार्बन सुमारे 8.5 ग्रॅम. म्हणजे नायट्रोजन 0.85 ग्रॅम, म्हणजेच युरिया साधारण 1.85 ग्रॅम. तो एकदम ओतलास तर अमोनिया वाढतो, पीएच चढतो आणि जिवाणूच मार खातात, म्हणून दोन-तीन हप्त्यांत द्यायचा. माती चिखल होईल इतकं पाणीही नको, कारण मग हवा आत शिरत नाही.

प्रोजेक्ट नक्की झेपेल. बुशनेल-हास माध्यम (फक्त क्षार असलेलं, कार्बन नसलेलं द्रावण) 100 मिली, त्यात तेलकट माती 1 ग्रॅम. डिझेल 1 मिली, पण ते ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) न करता फिल्टरमधून गाळून नंतर घालायचं. 30 अंशांवर, शेकर 150 आरपीएमवर, सात दिवस. मग त्यातलं 5 मिली ताज्या माध्यमात, असं तीन-चार वेळा. भांडी काचेचीच घे.

बहुतेक प्रोजेक्ट फसतात ते इथून पुढे. फ्लास्क गढूळ होतो, तवंग दिसेनासा होतो, आणि ‘90 टक्के विघटन’ असं लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात तेल उडून गेलेलं असतं, काचेला चिकटलेलं असतं किंवा बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळलेलं असतं. म्हणून जिवाणू न घातलेला आणि मारलेले जिवाणू घातलेला, असे दोन कंट्रोल फ्लास्क हवेतच. एकाच फ्लास्कमधून थोडं थोडं काढून मोजू नकोस, तेल सगळीकडे सारखं नसतं. प्रत्येक मोजणीच्या दिवसासाठी वेगळे तीन फ्लास्क ठेव आणि अख्ख्या फ्लास्कमधलं तेल हेक्झेन या द्रावकात काढून घे. गॅस क्रोमॅटोग्राफीत (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायची पद्धत) हेप्टाडेकेन आणि प्रिस्टेन या डिझेलमधल्या दोन हायड्रोकार्बनचं गुणोत्तर बघ. दोन्ही जवळपास सारख्याच वेगाने उडतात, पण जिवाणू हेप्टाडेकेन आधी खातात. गुणोत्तर घसरलं, तर ते जिवाणूंचंच काम.

यावरूनच एम.एस्सी.चं ठरव. पर्यावरण सूक्ष्मजीवशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र घे, सोबत विश्लेषण रसायनशास्त्र आणि मृदाशास्त्राचे पेपर निवड. प्रदूषित जमीन सुधारणाऱ्या कंपन्या, रिफायनरीतला पर्यावरण विभाग, सांडपाणी प्रकल्प, तपासणी प्रयोगशाळा, सगळीकडे नमुना नीट घेणारी आणि आलेख वाचता येणारी माणसं लागतात. जेनेटिक इंजिनीअरिंगची खरीच ओढ असेल, तर ते पीएच.डी.ला करता येईल.

प्रोजेक्टचा विषय नोंदवण्याआधी गाइडना विचार, की गॅस क्रोमॅटोग्राफ वापरायला मिळेल का. नसेल, तर विषय फक्त जिवाणू वेगळे करण्यापुरता ठेव आणि विघटनाची टक्केवारी लिहू नकोस.