दुखण्यावर संशोधन करायचं म्हणते, करू द्यावं का?

दांडिया बाजार, बडोदा इथल्या एका आईंचं पत्र आलंय. मुलगी बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) पूर्ण करून इंटर्नशिप करतेय. पुढे तिला जुनाट सांधे-स्नायूदुखी आणि मानसिक आरोग्य यांवर संशोधन करायचंय. वडिलांनी क्लिनिकसाठी रावपुऱ्यात गाळा बघून ठेवलाय. आई विचारतात : "पाठदुखीत संशोधन करण्यासारखं असतं काय? पोटापाण्याचं काय? आणि रोज खचलेली माणसं बघून हीच खचली तर?"

ताई,

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला क्रॉनिक म्हणतात. तोवर मूळ इजा बरेचदा भरून आलेली असते, दुखणं मात्र जात नाही. याच्या उलटही घडतं. पाठीची काहीच तक्रार नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये आला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या कण्यातली चकती फुगलेली दिसली. पण रिपोर्टात 'डिस्क बल्ज' वाचलं की माणूस धसका घेतो. वाकणं बंद, नवरात्रात गरबा बंद. बसून बसून स्नायू आणखी कमजोर होतात, झोप उडते, मन उदास होतं आणि तेच दुखणं दुपटीने जाणवायला लागतं. भीतीपोटी हालचाल टाळण्याचं हे चक्र व्लायन आणि लिंटन या संशोधकांनी २००० साली नीट मांडलं. ते नेमकं कुठे तोडायचं, हे तुमच्या लेकीला शोधायचंय. २०२० साली जगात जवळपास ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती, तेव्हा विषय संपण्याची काळजी नको.

काम रोजच्या रोज कसं असतं तेही सांगतो. नैराश्य तपासायला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरतात. त्यात झोप आणि थकव्याबद्दलही प्रश्न आहेत. खांदा ठणकतो म्हणून कुशीवर झोपता न येणाऱ्या बाईंचे गुण तिथेच वाढतात. त्या निराश असतीलच असं नाही. मग त्या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा? हा एम.पी.टी.चा, म्हणजे फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीचा, चांगला विषय होऊ शकतो. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दलचा. सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत, सासू शेजारी उभी असताना तो विचारायचा कसा, हे पुस्तकात सापडत नाही. उत्तर 'हो' आलं तर पेशंटला त्याच दिवशी मानसोपचार विभागात पोचवायची सोय आधीच करून ठेवावी लागते.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. एकटीने सगळं अंगावर घेतलं तर माणूस खचतो, म्हणून संशोधनाच्या गाईडबरोबर मानसोपचार किंवा मानसशास्त्र विभागातला को-गाईड हवाच. हा विषय दोन विभागांच्या मधोमध पडतो. दोघांनाही तो दुसऱ्याचा वाटतो. तेव्हा विषयाआधी माणसं बघा. नैराश्यावर उपचार करणं मात्र तिचं काम नाही. त्यासाठी वेगळं शिक्षण आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते.

आता पैसे. संशोधनासाठी जेआरएफ ही शिष्यवृत्ती यूजीसी-नेट परीक्षेतून मिळते, पण त्या परीक्षेत फिजिओथेरपी हा विषयच नाही आणि ही अडचण मुलांना एम.पी.टी. झाल्यावर कळते. माझ्या मते तिने मस्क्युलोस्केलेटल (सांधे-स्नायूंच्या) शाखेत एम.पी.टी. करावं, कारण फिजिओथेरपी कॉलेजात शिकवायला ते लागतंच. त्यानंतर एम.पी.एच.चा (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीचा) विचार करावा. गांधीनगरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ तुम्हाला जवळ आहे. एम.पी.एच. असेल तर नेटला 'सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ' हा विषय घेता येतो. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, हा २०२३ पासूनचा दर आहे. पण ती घेतली की बाहेर प्रॅक्टिस करता येत नाही. जेआरएफ नसेल तर प्रोजेक्टवरच्या कंत्राटी नोकऱ्या असतात; त्यांत पगार उशिरा होणं नवीन नाही. तिशीपर्यंत क्लिनिकवाल्या मैत्रिणी हिच्यापेक्षा नक्की जास्त कमावतील. हे तिला आजच स्पष्ट सांगा आणि स्थळं बघताना समोरच्यांनाही सांगा.

गाळा विकत घ्यायची घाई नको. यजमानांना म्हणावं, एम.पी.टी. करताना ती कुणाच्या तरी क्लिनिकवर संध्याकाळी बसेल, पेशंटची नस तिथे कळेल. संशोधकाला ती कळलेली बरी.

इंटर्नशिप संपायच्या आत तिने एक करावं. थीसिसचा डेटा गोळा करणारा एखादा एम.पी.टी.चा विद्यार्थी गाठावा आणि 'तुमचे फॉर्म भरून देते' म्हणून त्याच्याबरोबर महिनाभर बसावं. संमतीपत्र समजावणं, अर्धवट सोडलेले फॉर्म, फोन न उचलणारे पेशंट आणि रात्री एक्सेलच्या रकान्यांत त्यांची भरती, हे सगळं करूनही तिला पुढच्या सोमवारी परत जावंसं वाटलं, तर प्रवेशाचा फॉर्म भरा. कंटाळली तर यजमानांना गाळ्याचं बोलणं पुढे न्यायला सांगा.