तारीख बदलवून मागणाऱ्या पोरास

प्रिय बेटा,

परवा संध्याकाळी तू ओसरीवर येऊन बसलास आणि चहा यायच्या आत म्हणालास, "गुर्जी, रजिस्टरात तारीख तुमीनच लिवली न, मंग तुमीच बदलवून द्या." मला उत्तर सुचलं नाही. तू चहा न घेता निघून गेलास. म्हणून हे लिहितोय. तोंडी बोलायला गेलो असतो तर रागावलो असतो, आणि ते आपल्या दोघांच्याही कामाचं नव्हतं.

माझ्या शाळेतल्या नोकरीत जन्मतारीख बदलून मागायला पुष्कळ आले. सगळ्यांना वय कमी करून पाहिजे होतं. फौजेत लवकर भरती व्हायला वाढवून मागणारा तूच पहिला.

तुझी तारीख जन्मदाखल्यावरून उतरवली आहे, खरी आहे. तुझ्या बापाच्या पिढीची गोष्ट वेगळी. तेव्हा दाखला कोणाकडेच नसायचा. पोरगं समोर उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचं. बोट कानाला लागलं की सहा वर्षं पूर्ण आणि जन्मतारीख १ जुलै. आपल्या गावात निम्मी माणसं १ जुलैला जन्मली ती अशी.

त्यातल्या एका पोराचं बोट कानाला लागलं न लागलं, मी लागलं म्हणून लिहिलं. पटसंख्या कमी पडत होती आणि त्याचा बाप हात जोडून उभा होता. पुढे तो फौजेत भरती झाला तेव्हा कागदावर १७ वर्षांचा होता. माय त्याची तान्ह्या पोळ्यावरून वर्षं मोजायची. तिच्या हिशोबाने त्याला सोळावंही लागलं नव्हतं. पाठीवर वजन घेऊन पळता पळता नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला, आणि सात महिन्यांत मेडिकल बोर्डाने त्याला घरी पाठवलं. वयामुळेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही, वीस वर्षांच्या रिक्रूटालाही असा तडा जातो. पण सोळाच्या आतलं हाड अजून वाढत असतं. तो आजही रस्त्यात भेटला की रामराम करतो, मला कधीच बोल लावत नाही. तेच जास्त लागतं.

तू म्हणालास, काही होत नाही गुर्जी, लढाईच्या काळात लहान पोरं जातच होती. खरं आहे, जात होती. मी इतिहास शिकवला, तर त्यातलाच एक पोरगा तुला सांगतो.

जेम्स मार्टिन, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली भरती होताना त्याचं वय १४ आणि वर तीन महिने. त्याने आईला धमकी दिली, की संमती दे, नाहीतर खोट्या नावाने भरती होईन आणि पत्र पाठवणार नाही. (परवा तू "नागपूरच्या एजंटाकडून करून घेतो" म्हणालास, तेव्हा मला तोच आठवला.) आईने संमती दिली. त्याने वय १८ सांगितलं. २ सप्टेंबरला त्याचं जहाज पाणतीराने फोडलं, पोरगा चार तास समुद्रात तरंगत राहिला, आणि तरीही आठवड्याच्या आत तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या रणांगणावर खंदकात उतरला. तिथून तो घरी लिहायचा, तुमचं एकही पत्र मिळालं नाही. घरचे पत्रं लिहीत होते, ती पोचत नव्हती. २५ ऑक्टोबरला विषमज्वराने खचलेल्या त्याला इस्पितळाच्या जहाजावर आणलं, त्याच रात्री त्याचं हृदय बंद पडलं. देह समुद्रात सोडला. वय १४ वर्षं ९ महिने. पोराच्या धमकीला भिऊन सही करणाऱ्या आईचं पुढे काय होत असेल, तेवढं तुझ्या मायकडे बघून विचार कर.

इंग्लंडचा सिडनी लुईस १२ व्या वर्षी त्याच युद्धात शिरला, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत होता. त्याच्या आईने जन्मदाखला सरकारला पाठवला म्हणून १९१६ साली घरी परत आला. अमेरिकेचा कॅल्विन ग्रॅहमही १२ वर्षांचा. १९४२ साली आईची खोटी सही करून नौदलात गेला, प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकॅनाल बेटाच्या लढाईत तोंडावर छर्रे लागले. खोटं उघडं पडल्यावर त्याला कोठडीत टाकलं, पदकं काढून घेतली. सन्मानाने सेवामुक्त केल्याचा कागद मिळायला १९७८ साल उजाडलं. छर्रे खरे होते, पण कागद खोटा होता ना.

आणि कारगिलच्या लढाईतल्या परमवीर योगेंद्रसिंग यादवांचं उदाहरण पुन्हा देऊ नकोस. ते १७ पूर्ण व्हायच्या आधी भरती झाले, पण तेव्हाच्या नियमात बसून, स्वतःच्या वयाने. टायगर हिलवर गेले तेव्हा १९ वर्षांचे होते.

आपल्या देशाने जगाला लिहून दिलंय की भरती झालेल्या जवानाला १८ पूर्ण झाल्याशिवाय लढाईच्या भागात पाठवणार नाही. तू दीड वर्ष वाढवून घेतलंस तर फसशील तूच. तुला जपायला केलेला नियम तुला ओळखणारच नाही. पकडला गेलास तर आर्मी ॲक्टचं कलम ४४ आहे, खोट्या उत्तराला पाच वर्षांपर्यंत कैद. एजंट हे सांगत नाही, पैसे मोजून घेतो.

घरची घाई मला कळते. पऱ्हाटीवर बोंडअळी, सोसायटीचं कर्ज, आणि मोबाइलवर रोज लढाईचे व्हिडिओ. पण अग्निवीर चार वर्षांचा, चारातला एकच पुढे कायम होतो. त्यात दहावीचे ४५ टक्के लागतात, आणि आता मैदानाच्या आधी लेखी परीक्षा आहे. तुझी पळण्याची चिंता मला नाही, १६०० मीटर तू साडेपाच मिनिटांच्या आत काढशील. चिंता गणिताची आहे. काळ-काम-वेग आला की तू खिडकीबाहेर बघायचास.

भरतीच्या वयाला अजून दीड वर्ष आहे. रविवारी वही घेऊन ये, अपूर्णांकांपासून सुरू करू. दाखला आहे तसाच राहील, आताच्या हेडमास्तरांनाही मी सांगून ठेवलंय. मायला मी काही बोललो नाही, ते तू सांग.

आणि पहाटे नहराच्या रस्त्याने एकटा पळू नकोस, पऱ्हाटीतून रानडुकरं निघतात. टॉर्च ठेव, शेजारच्या पोट्ट्याला सोबत घे.

तुझा
गुरुजी